टाकीत मावेल असा शार्क

"अण्णा, खराखुरा शार्क, पण छोटा, टाकीत मावेल असा नाही का मिळत?" सोलापुरात फिश टँकचं दुकान चालवतो म्हटल्यावर हे ऐकावंच लागतं. टायगर शार्क म्हणून आम्ही सगळेच जो विकतो तो कॅटफिश, आणि सिल्व्हर शार्क हा रोहू-कटल्याच्या कुळातला. हे सांगितलं की गिऱ्हाईक हमखास खट्टू होतं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, छोटा शार्क आहे. ड्वार्फ लँटर्नशार्क. आजवर मोजलेल्यांत सगळ्यात लांब भरला तो २१ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे उजनीच्या बऱ्यापैकी चिलापीएवढा. १९८५ साली स्प्रिंगर आणि बर्जेस या दोघांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. सापडतो कोलंबिया-व्हेनेझुएलाजवळच्या कॅरिबियन समुद्रात, साधारण २८० ते ४४० मीटर खोल.

यावर पुढची शंका ठरलेली: मोठ्या शार्कचं पिल्लू कशावरून नसेल? उत्तर मादीच्या पोटात आहे. १८-१९ सेंटिमीटरच्या मादीच्या पोटात पिल्लं मिळालीत. अंडी पोटातच फुटतात, आणि एका वेळी दोन किंवा तीनच पिल्लं जन्मतात, पण जन्मतः ५.५ ते ६ सेंटिमीटरची. आईच्या लांबीच्या जवळजवळ तिसरा हिस्सा! चिलापीची मादी शेकड्यांनी अंडी तोंडात सांभाळते. इथे हिशेबच उलटा, मोजकी पिल्लं आणि तयार पिल्लं. बाकी अंगाची ठेवण पक्की शार्कची. आत हाडांचे काटे नाहीत, नुसती कूर्चा. कल्ल्यांना झाकण नाही, बाजूला पाच-पाच फटी. पाठीवरच्या दोन्ही परांना पुढे एकेक टोकदार काटा, हा मात्र सगळ्याच शार्कना नसतो.

मला त्याचं पोट जास्त आवडतं. त्यावर प्रकाश देणारे बारीक अवयव असतात. वरून झिरपणाऱ्या मंद उजेडात खालून बघणाऱ्याला माशाची काळी सावली दिसायला हवी. पोटच उजळलं की ती पुसली जाते. याच्याच एका युरोपी भाऊबंदावर प्रयोग झालेत. त्यात हा दिवा मज्जातंतूंनी नव्हे, तर मुख्यतः संप्रेरकांनी (हार्मोन्सनी) लागतो-विझतो असं दिसलं. त्यातलं एक मेलाटोनिन, आपल्या झोपेशी संबंध असलेलं तेच.

आता टाकीचं. वाताशय, म्हणजे इतर माशांच्या पोटात असते ती हवेची पिशवी, नसल्यामुळे खोलातून वर आणताना दाबातल्या फरकाने तो फुगून मरणार नाही, पण त्याला लागतं गार खारं पाणी आणि अंधार. इथे एप्रिलात पारा चाळीसच्या वर, त्यात लाइट गेली की चिलर बंद. आणि पाहुण्यांना दाखवायला तुम्ही टाकीवरची ट्यूब लावणार, म्हणजे त्याच्या पोटाचा उजेड दिसायचाच नाही.