ढिगाच्या तळाशी निघालेल्या निळ्या फरशा

ओढ्याकाठच्या वळणावरचा ढीग हटवायचा म्हटलं की पहिली मागणी जेसीबीची. जेसीबीने जागा तासाभरात साफ होते, पण खालची माती खरवडून खड्डा पडतो, त्यात पाणी साचतं आणि ढीग पुन्हा उभा राहतो. म्हणून या वेळी मुकादमाला सांगून तो हातानेच उपसला. गमबूट, जाड रबरी हातमोजे, लांब चिमटे, शेजारी ताडपत्री. वरून एकेक थर.

वरच्या पिशव्या ताज्या, दुचाकीवरून जाता जाता भिरकावलेल्या. जवळजवळ प्रत्येकीत ओलं-सुकं एकत्र, भाताने लडबडलेले कागद, डायपर. डायपर, पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढला तर पुडी उघडून बघावी लागत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी हेच मागितलं. या पिशव्या भाड्याच्या खोल्यांमधल्या. तिथली माणसं आठला कामावर निघतात आणि घंटागाडी साडेनऊला येते. इथे दंडाचा उपयोग नाही, गाडीची वेळच बदलायला हवी.

त्याखाली कोंबडीची पिसं, शहाळी. आणि सगळ्यात तळाशी सिमेंटच्या गोण्या: निळ्या फुलांच्या फरशा, मागे सिमेंट-वाळूचा मसाला चिकटलेला, आणि कमोडचं फुटकं भांडं.

ढिगाची सुरुवात इथून झाली होती. राडारोडा झाडूने हलत नाही, ढकलगाडीला झेपत नाही आणि घंटागाडीत घेतला तर पुढे कचरा दाबणारा कॉम्पॅक्टर बिघडतो. तो पडून राहतो, मग बाकीच्यांना ती जागा कचऱ्याचीच वाटते. ५ बाय ७ फुटांचं बाथरूम सात फूट उंचीपर्यंत फोडलं तरी फरशी आणि मसाला मिळून टनभर माल निघतो. उचलता येतील अशा भरल्या तर ३०-४० गोण्या, छोट्या हत्तीच्या, म्हणजे लहान टेम्पोच्या, दोन खेपा. घरमालकाला हा अंदाज नसतो, ठेकेदाराला पक्का असतो.

फरशा ओळखल्या त्या झाडणाऱ्या ताईंनी. मागच्या गल्लीत एका दारात कुंड्यांखाली तेच तुकडे होते. वस्ती खरी माहीत असते ती झाडणाऱ्यांना, आणि विचारत मात्र त्यांना कोणी नाही.

घरातल्या काकांनी बिल समोर ठेवलं. ‘राडारोडा उचलणे’ अशी वेगळी ओळ, पैसे चुकते केलेले. “साहेब, मी अजून काय करायचं होतं?” बांधकाम व पाडकाम कचरा नियमांप्रमाणे जबाबदारी ज्याच्या कामातून कचरा निघतो त्याची. दंडाची पावती मी काकांच्या नावाने फाडली. ठेकेदार टेम्पोवाल्याकडे बोट दाखवतो, टेम्पोचा नंबर कुणाकडेच नाही. नियमाला धरून झालं, तरी मला ते पटलेलं नाही. पैसे घेऊन ओढ्यात माल ओतणारा सुटला.

ठेकेदाराला काम देतानाच लिहून घ्या: लोखंड, लाकूड, पाइप वेगळे काढायचे, टेम्पोचा नंबर आधी द्यायचा, आणि राडारोडा संकलन केंद्रावर उतरल्याची पावती हातात आल्यावरच शेवटचा हप्ता.

वळणावर मुरूम टाकून उतार दिलाय, घंटागाडी आता सातला तिथेच थांबते. त्याच ठेकेदाराचं काम सध्या पलीकडच्या सोसायटीत चालू आहे. टेम्पो लागला की नंबर टिपून कळवायला तिथल्या वॉचमनला सांगून ठेवलंय.