नावापुढचं कारण

बघायच्या सिनेमांची माझी यादी वहीत असते. मोबाइलमध्येही एक आहे, पण ती बसमध्ये नाहीतर चहाच्या सुट्टीत घाईघाईने टिपलेली. रविवारी त्यातली नावं वहीत उतरवायला बसते आणि कुठलं ठेवायचं ते तेव्हा ठरतं. वहीत नाव लिहायचं तर त्यापुढे दोन रकाने भरायचे असा माझा नियम आहे: कोणी सांगितलं आणि का बघायचाय. ‘का’च्या रकान्यात काही सुचलंच नाही, तर ते नाव मोबाइलमध्येच राहतं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे नोंदी ठेवायची हाताला सवय आहे. दाखल नोंदवहीत लेखक, प्रकाशक, किंमत सगळं असतं, पण ते पुस्तक कोणाला आणि कशासाठी हवं होतं, ते कुठेच सापडत नाही. सिनेमाच्या बाबतीत मला तेच जपायचं असतं. नाव टिपलं तेव्हाची ओढ वर्षभराने आठवत नाही, आणि मग चांगला सिनेमाही नुसता ‘बघायचा राहिलेला’ होऊन बसतो.

‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेऊन सर्वोत्तम सिनेमांची यादी काढतं. २०२२ साली त्यात शांताल आकरमान यांचा १९७५ चा ‘जान डिलमन’ पहिला आला. मैत्रिणीने ती अख्खी यादी पाठवली. मी त्यातलं हे एकच नाव वहीत घेतलं. तीन तासांहून मोठा सिनेमा, त्यात एक विधवा बाई स्वयंपाक करते, बटाटे सोलते, आवरते, आणि कॅमेरा घाई न करता ते बघत राहतो. माझा रकाना असा: ‘घरकामाला खरोखर जेवढा वेळ लागतो तेवढा पडद्यावर कोणीतरी दिला, म्हणून.’ बाकीचे सिनेमे थोर असतीलच. माझ्यापर्यंत त्यांचं कारण पोहोचेल तेव्हा तेही येतील.

काही कारणं तर सिनेमाइतकीच मोलाची असतात. आमच्याकडच्या एका सहकाऱ्याने ‘अस्तु’ सांगितला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा सिनेमा. मोहन आगाशे त्यात स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि एके दिवशी ते हत्तीच्या मागोमाग चालत निघून जातात. सहकाऱ्याचे वडील तेव्हा घरचा रस्ता विसरायला लागले होते. तो म्हणाला, “हा बघितला आणि मी अण्णांना ‘आत्ताच तर सांगितलं’ म्हणायचं बंद केलं.” मी हे वाक्य जसंच्या तसं रकान्यात लिहिलं. त्या एका नोंदीवरून या जोडीचे बाकीचे सिनेमे वहीत आले: ‘दोघी’, ‘दहावी फ’, ‘देवराई’, ‘कासव’. सुमित्राताई मुळात समाजकार्य शिकवणाऱ्या. त्यांचा पहिला लघुपट ‘बाई’ १९८५ चा, आणि तिथपासून ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळेपर्यंत त्यांची नजर आजारी, दुखावलेल्या, बाजूला पडलेल्या माणसांवरून हलली नाही. म्हणून हे सिनेमे मी बनले त्या क्रमाने बघतेय. एरवी मी क्रम लावत नाही.

वहीची मागची पानं ‘आईबरोबर’ अशी आहेत. आईचं माहेर कराडजवळचं. तिने पहिले सिनेमे जत्रेच्या तंबूत बघितले, खाली पोतं अंथरून, आणि मशीनची घरघर कानात घेऊन. तिला नावं फारशी आठवत नाहीत. प्रसंग आठवतात, कोण शेजारी बसलं होतं ते आठवतं, आणि गाणी तर सगळीच. ती सांगते आणि मी शोधते. एकदा भाजी निवडताना ती ‘सुन्या सुन्या मैफिलीत’ गुणगुणत होती. मी विचारलं, “उंबरठा पुन्हा बघायचा का?” हातातली मेथीची जुडी तशीच धरून ती म्हणाली, “तेव्हा मला त्या बाईचा फार राग आला होता. आता येतो का बघू.”

रकान्यात हेच गेलं.

‘उंबरठा’ १९८२ चा. शांता निसळ यांची ‘बेघर’ कादंबरी, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. स्मिता पाटील यांची सुलभा नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून दूरच्या गावी जाते. आईने तो नणंदेबरोबर बघितला तेव्हा मी तिच्या कडेवर होते. म्हणजे पडद्यावरची बाई जे सोडून गेली, ते आईच्या मांडीवर बसलेलं होतं. मी हे कधी मोजलंच नव्हतं, तिच्या बोलण्यातून कळलं. या वेळी सिनेमा संपल्यावर ती बराच वेळ सुधारगृहातल्या बायकांबद्दल बोलली, त्या तेव्हा तिच्या लक्षातही आल्या नव्हत्या. मग म्हणाली, “पोरीसाठी राग येतो अजून. पण गेली ते बरं केलं तिनं.” तारीख घालून तेही नोंदीखाली लिहिलं. पुन्हा बघायच्या सिनेमांना यादीत जागा हवीच, असं माझं ठाम मत आहे.

एक पान ‘न मिळणारे’ असं आहे. त्यावर पहिलं नाव ‘आलम आरा’. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये तो लागला, भारतातला पहिला बोलपट, आणि आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. मूकपटांचं तर विचारूच नका. आपल्या पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि पी. के. नायर यांनी त्यासाठी जन्म वेचला, म्हणून फाळक्यांचं जे काही उरलंय ते तरी बघता येतं. जे मिळणार नाही ते लिहायचं कशाला, असं मला विचारतात. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. जळके, ठिसूळ झालेले तुकडे कोणीतरी टाकून न देता जपले, इटलीत बोलोन्याला तज्ज्ञांनी ते हाताने दुरुस्त केले, आणि २०१५ मध्ये तिन्ही सिनेमे लख्ख होऊन पुन्हा पडद्यावर आले. ते तुकडे जपणाऱ्याकडे तरी तेव्हा काय खात्री होती? म्हणून माझं हे पान राहणार.

सध्या आईच्या पानावर वरचं नाव ‘संत तुकाराम’ आहे, प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा. तिने तो तंबूत बघितलाय. मी ‘का’ विचारलं तेव्हा वाटलं, अभंगांसाठी म्हणेल, नाहीतर तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांसाठी. ती म्हणाली, “आवलीसाठी लिही. तो गेला वैकुंठाला, पोरांना भाकरी तिनंच घातली.” शनिवारी दुपारी बघतोय.