नॉर्म एकही नाही, तरी ग्रँडमास्टर

दिव्या देशमुख बुद्धिबळात ग्रँडमास्टर झाली त्यावर अजूनही कोणीतरी बोलतंच, अरे तिला टायटल डायरेक्ट मिळालं, नॉर्म (म्हणजे स्पर्धांमधली ठरलेल्या दर्जाची कामगिरी) कुठे होते. नव्हते, एकही नव्हता, मान्य! एरवी तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागतं, पण महिला वर्ल्ड कप जिंकला की टायटल थेट असा फिडेचाच, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचाच नियम आहे, तिने काय वशिला लावला होता का?

आणि जिंकली कशी ते तरी बघा. जुलै २०२५, जॉर्जियातलं बातुमी, पोरीचं सीडिंग (रेटिंगनुसार स्पर्धेतला क्रम) पंधरावं. चौथ्या राउंडला दुसरी सीड झू जिनेर गेली, मग टायब्रेकमध्ये आपलीच द्रोणवल्ली हरिका, मग सेमीला तान झोंगयी, म्हणजे माजी वर्ल्ड चॅम्पियन, तिच्याशी एक डाव बरोबरीत आणि दुसरा तब्बल १०१ चालींचा, तो जिंकला. फायनलला आपलीच कोनेरू हम्पी. हम्पी ग्रँडमास्टर झाली २००२ ला, दिव्याचा जन्म २००५ चा, विचार करा. दोन क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत, पहिला रॅपिडही (कमी वेळेचा) बरोबरीत, दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी, शेवटी पटावर हत्ती आणि प्यादी उरलेली, हम्पीचा टाइम संपत आलेला आणि तिथे ती चुकली. डाव संपल्यावर दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली.

तशी ती अचानक उगवलेली नाहीये हो. नागपूरची, आईवडील दोघं डॉक्टर, मुलींची अंडर-१० आणि अंडर-१२ वर्ल्ड टायटल लहानपणीच, २०२४ ला मुलींचं वर्ल्ड ज्युनियर, त्याच वर्षी बुडापेस्ट ऑलिम्पियाडला टीमचं गोल्ड आणि तिसऱ्या बोर्डवर स्वतःचं पण. नागपूरला परत आल्यावर तिने हे टायटल पहिले कोच राहुल जोशी सरांना अर्पण केलं, ते २०२० लाच गेले, त्यांना हिला ग्रँडमास्टर झालेलं बघायचं होतं.

मला मात्र तिची २०२४ ची, नेदरलँड्समधल्या वाइक आन झेच्या स्पर्धेनंतरची पोस्ट जास्त लक्षात आहे. अठरा वर्षांची पोरगी सरळ लिहिते, की प्रेक्षक माझे कपडे, केस, बोलण्याचा लहेजा यावरच बोलतात, डावाकडे कोणाचं लक्षच नसतं. तेव्हा पण काही लोकांनी तिलाच शहाणपण शिकवलं, आता तेच नॉर्म मोजतायत बहुतेक. मोजायचंच असेल तर ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर, आणि त्या ८८ मध्ये बायका फक्त चार, हे मोजा ना.