अडीच चकल्या

चकल्या खाल्ल्याचं मला आठवत नाही. दोन खाल्ल्या असणार आणि तिसरीची अर्धी, कारण उरलेली अर्धी फोन ठेवला तेव्हा हातात होती. डबा ओट्यावर उघडा, झाकण शेजारी उताणं, आणि ओट्याच्या कडेपर्यंत काटेरी चुरा. म्हणजे वरच्या फळीवरून डबा मी काढला आणि झाकणही उघडलं, तेसुद्धा एका हाताने, कारण दुसऱ्यात फोन होता. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा एका हाताने उघडायचा तर तो पोटाशी दाबून धरावा लागतो. एवढी कसरत केली आणि मला पत्ता नाही.

फोन साताऱ्याहून होता, धाकट्या भावाचा. वाडा पाडायला देतोय म्हणाला. सह्या झाल्या, पावसाळा संपला की काम सुरू. "तुला तिथलं काही हवंय का गं? पाट, माजघरातल्या फडताळाची दारं, काही?" मी म्हटलं, "फडताळाची दारं घेऊन काय करू रे? इथे कॅलेंडर लावायला भिंत नाही." अगदी हसत बोलले. गळत होताच, बरं झालं, असंही म्हटलं.

आणि चकल्या अडीच.

चार वाजले की माझा हात फळीकडे जातो, ते काही आजचं नाही. शाळेत होते तेव्हा चार वाजता वह्या असत, भांडणं असत, कुणाचा तरी डबा हरवलेला असे. २०१४ला निवृत्त झाले आणि चार वाजता काही घडायचंच बंद झालं. मग मी डबे उघडायला लागले. भूक नसते. दीड वाजता नीट जेवलेली असते. तरी एक उघडायचा, बघायचं, बंद करायचा, दुसरा उघडायचा. आत काय आहे ते पाठ असतं, मीच भरलेत. आई याला 'डबे हुंगत फिरणं' म्हणायची.

झाकण वाजू नये म्हणून माझी एक रीत आहे. चमच्याचा दांडा कडेखाली घालायचा आणि चारी बाजूंनी थोडं थोडं उचलत न्यायचं. शेवटचा 'टण्' तेवढा तळव्याखाली दाबायचा. सुनेने हौसेने क्लिपवाले प्लास्टिकचे डबे आणून दिले, ते मी सगळे डाळींना लावून टाकले. त्यांची झाकणं चारदा टक टक वाजतात, पंचनामा केल्यासारखी.

हे कुणापासून लपवायचं, तर नवऱ्यापासून. २०१८च्या सुमारास महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत पडली तशी आमच्याही घरात फूट पडली. हा डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या गोटात गेला: दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत, मधे काही नाही. मी ऋजुता दिवेकरांच्या बाजूने: थोडं थोडं, दर दोन तासांनी. (खरं सांगायचं तर 'दर दोन तासांनी' एवढंच मी उचललं. फळ, मूठभर शेंगदाणे वगैरे पुढचा मजकूर सोडून दिला.) त्या वर्षी लग्नकार्यात पंगतीला बसलं की शेजारचा माणूस आधी कुठल्या पंथाचा ते विचारायचा आणि मग मठ्ठा पुढे करायचा. नवऱ्याचं वजन उतरलं. माझं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.२ आलं. साडेसहाला मधुमेह म्हणतात, म्हणजे मी वेशीवर. डॉक्टर म्हणाले, "गोळी नको इतक्यात. चाला. आणि चार वाजता काय होतं ते बघा." चारचं त्यांना कुणी सांगितलं, ते मी घरी येऊन विचारलं नाही.

चार वाजता काय होतं ते मला माहीत होतं की. नोकरीत असतानाही मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली की घरी येऊन शेव खायची, हा जुना हिशेब. सुनेशी बोलताना शब्द गिळला की वर लाडू. मन खात राहिलं की आपण चिवडा खात राहायचं. मराठीत खाण्याचं खातं एकच आहे, त्यात सगळंच जमा होतं. पण त्याच खात्यात 'हवा खाणं'ही आहे, ते मला वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दाखवलं. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, चला, पर्वतीवर हवा खाऊन येऊ." किती वर्षांनी ऐकला मी तो शब्द.

आता आम्ही पाच जण आहोत. काकू, मी, एसटीतून निवृत्त झालेले अण्णा, बँकवाले, आणि बँकवाल्यांची मेहुणी, जी येते एक दिवस आणि येत नाही दोन दिवस. मला सगळे 'बाई' म्हणतात, माझ्याहून सात वर्षांनी मोठे अण्णासुद्धा. सव्वापाचला पायथ्याशी जमायचं. पायऱ्या १०३. आमच्यात कुणाच्या १०१ भरतात, कुणाच्या १०६, आणि त्यावर वाद झाला की तेवढ्या वेळात दहा पायऱ्या चढून होतात. पर्वतीची पायरी ही नेहमीची पायरी नव्हे. रुंद, उतरती, एका पावलात न संपणारी. हत्ती चढावेत म्हणून तशी केली म्हणतात. सत्तरीच्या गुडघ्यांनाही ती सोयीची पडते, कारण प्रत्येक पायरीवर कुणाला न कळता थांबता येतं. बाजूने पोलीस भरतीची पोरं धावत वर जातात, धावत खाली येतात, पुन्हा वर जातात. आमची एक फेरी होईपर्यंत त्यांच्या सहा होतात आणि दर वेळी त्यांतलं एक तरी पोर म्हणतं, "सावकाश, आजी."

आमचा एक नियम आहे. तो कुणी केला आठवत नाही, बहुतेक अण्णांनी. भूक नसताना खाल्लं असेल तर सांगायचं, आणि चढताना सांगायचं. उतरताना नाही. उतरताना बोलायला दम असतो, त्यामुळे माणूस स्पष्टीकरणं देतो: पाहुणे आले होते, वाया गेलं असतं, एकच होता. चढताना तेवढी हवा छातीत नसते. मग कबुली अशी येते:

"फरसाण."

चार पायऱ्या.

"किती?"

"पाव किलोतलं... निम्मं."

पाच पायऱ्या.

"का हो?"

"मुलगा म्हणाला... बाबा, तुम्हाला... नाही कळायचं त्यातलं."

मग कुणी काही म्हणत नाही. म्हणायला दमच नसतो. उपदेश करायचा तर थांबावं लागेल, आणि थांबलं की मागून भरतीवाली पोरं येतात. म्हणूनच बहुधा हे टिकलंय. एरवी पाच म्हातारे एकत्र आले असते आणि कुणी कुणाला आहार शिकवला नाही, असं पुण्यात घडलं नसतं.

काकूंनी एकदा मोबाइलवर वाचलेलं सांगितलं की पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून सावकाश खावं. बँकवाले बराच वेळ चढत राहिले आणि वर पोचल्यावर म्हणाले, "पण ज्या मालाची ऑर्डर पोटाने दिलीच नव्हती, त्याची पोच पोट कशाला देईल?" मला पटलं ते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच सोनपापडीचा अख्खा बॉक्स कबूल केला. कळणं वेगळं खातं.

वर गेलं की देवळाच्या मागे कठड्याला टेकून बसतो. हवा स्वच्छ असली तर सिंहगड दिसतो. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ला हे देऊळ बांधलं आणि १७६१च्या जूनमध्ये ते इथेच वारले. पानिपत होऊन पाच महिने झाले होते. मुलगा गेला, भाऊ गेला, माणूस चाळिशीचा. अण्णा एकदा एकदम म्हणाले, "त्यांना जेवण जात नसणार. आपलं उलट." काकू म्हणाल्या, "उलट नाही हो अण्णा. ह्यांच्या वेळी मीही पंधरा दिवस जेवले नव्हते. मग जे सुरू झालं ते आजतागायत." त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. उतरताना वाकडं वाकडं, कठड्याला धरून, कारण गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. खाली आल्यावर भाजलेल्या शेंगांची गाडी असते. पाचांत एक पुडी. हा नियमही बहुतेक अण्णांचाच.

तर त्या कबुल्यांच्या ओघात कधीतरी मी साताऱ्याची गोष्ट सांगितली होती.

मी आठ-नऊ वर्षांची. मे महिना, दुपार, वाडा झोपलेला. आईच्या हातातली वाळ्याची पंखी घरंगळून जमिनीवर पडलेली. मी माजघरात गेले गूळ काढायला. साखर रेशनची, ती मोजलेली असे, गुळाच्या ढेपेचा मात्र हिशेब लागत नसे. माजघरात दिवसाही अंधार. फडताळाची दारं निळ्या ऑइलपेंटची, आणि त्यासमोर कुणीतरी उकिडवं बसलेलं, माझ्याकडे पाठ करून. आत्या. बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर चोविसाव्या वर्षी माहेरी आली होती. मला दिसलं ते एवढंच: पदर डोक्यावरून घेतलेला आणि त्याखाली कानाजवळ जबडा हलतोय, भराभर. मी पाय वाजवला असणार. ती वळली. घास तोंडात होता, तो थुंकताही येईना आणि गिळवेनाही. शेवटी तिने डोळे मिटून गिळला. मूठ उघडली. गूळ आणि दाणे, घामाने एकत्र झालेले. त्यातला निम्मा गोळा तिने माझ्या हातावर ठेवला. गरम होता. मी दार लावायला गेले तर म्हणाली, "वर उचलून लाव. मग बिजागरी वाजत नाही."

बस्स. त्यावर कधी बोलणं झालं नाही. पुढे किती वर्षं मी त्या दाराला वर उचलून लावत राहिले.

बाबा रोज संध्याकाळी मित्रांबरोबर हवा खायला चार भिंतीला जात. साताऱ्यात ती पद्धतच होती. अजिंक्यताऱ्याच्या कुशीत तेवढं चढायचं, गाव खाली पसरलेलं बघायचं, गप्पा मारायच्या, दिवेलागणीला परत. मी कधी कधी बोट धरून जात असे. आत्या तेव्हा पोळ्या करायची. बावीस वर्षं ती आमच्याकडे होती. ती चार भिंतीला आलेली मला आठवत नाही.

ही गोष्ट मी पर्वतीवर गंमत म्हणून सांगितली होती, आमची आत्या गूळ कशी चोरायची त्याची. सगळे हसले. काकू म्हणाल्या, "म्हणजे त्या आपल्यातल्याच की!" तेव्हापासून आत्या आमच्या मंडळाची सहावी सभासद. कुणी फार खाल्लं की अण्णा म्हणतात, "बाईंची आत्या अंगात आली." मीही हसते.

आज सव्वापाचला गेले. मेहुणी आली नव्हती. तिसेक पायऱ्यांवर मी म्हटलं,

"चकल्या. अडीच."

"अडीच का?" बँकवाले.

"फोन संपला."

पुढे कुणी हसलं. काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला, जो आम्ही प्रत्येकालाच विचारतो, उत्तर ठरलेलं असलं तरी:

"भूक होती?"

"नाही," मी म्हटलं.

आणि पन्नास-साठाव्या पायरीवर कुठेतरी माझा पाय उचलेना. आत्या सगळ्यांत शेवटी जेवायची. दोन वाजता, अडीच वाजता, भांड्यात जे उरलं असेल ते. आमटी बहुतेक संपलेली असे. रात्री ती जेवतच नसे, तिच्यासारख्या बाईने जेवायचं नसे. वर एकादशा, सोमवार, संकष्ट्या, अख्खा चातुर्मास. मे महिन्यातल्या त्या दुपारी तिचं जेवण झालं होतं की व्हायचं होतं, हेही मला माहीत नाही. तिचं मन खात होतं की नव्हतं, कुणी बोललं होतं की नव्हतं, ते मला कसं कळणार. ती पंचविशीतली बाई होती आणि पहाटे पाचपासून उभी होती.

तिला भूक लागली होती. साधी भूक.

अण्णांना वाटलं मला दम लागला. "बसा बाई," ते म्हणाले आणि बँकवाल्यांना हाताने थांबवलं. "देव कुठे जात नाही."

मी बसले. बाजूने पोरं धावत खाली गेली.