सीझनच्या शेवटी निवतीला सुरमईच्या मागे: माझा अनुभव (मे २०२५)

तर झालं असं की दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत जाऊ जाऊ म्हणत आम्ही दोघं मित्र थेट मे महिन्यात जागे होतो, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे हातात उरतात फक्त चार-पाच वीकेंड. माझ्या डोक्यात आधी आंग्रिया बँक होती. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, खाली प्रवाळ, व्हिडिओ बघून वेड लागलेलं. सिंधुदुर्गातल्या निवतीच्या काकांना फोन केला (होडी त्यांची, ओळख मामेभावाची) तर ते नुसते हसले. मे महिन्यात फायबरच्या होडीतून तिकडे? विषय संपला. मग ठरलं निवती रॉक्सच्या आसपास, दीपगृहाच्या बाजूला, आणि तारीख धरली २४ मे.

ही तारीख आम्ही पगाराच्या आणि सुट्टीच्या हिशोबाने धरली होती, समुद्राच्या नाही. साधारण १० तारखेपासून मी रोज विंडी अ‍ॅपवर वारा आणि इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या अंदाजात लाटा बघायला लागलो. आधी मी फक्त लाटेची उंची बघायचो, १ मीटर म्हणजे मस्त, २ म्हणजे नको, एवढंच. पण लाटेचा पिरियड, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद, बघायला शिका रे बाबांनो. ६-७ सेकंदाची लाट म्हणजे इथल्याच वाऱ्याने उठवलेली, अंग भिजवते, हाडं खिळखिळी करते, पण वारा पडला की तीही बसते. १३-१४ सेकंदाची म्हणजे लांब दक्षिणेकडून चालत आलेली, खोल पाण्यात होडी नुसती सावकाश वर-खाली होते, कळतही नाही, आणि तीच लाट खडपावर (खडकावर) किंवा किनाऱ्याशी आली की भिंतीसारखी उभी राहते. मेच्या उत्तरार्धात हीच वाढत जाते, वर पश्चिमेचा वारा सकाळी लवकर सुटायला लागतो. डिसेंबरात पहाटे जमिनीवरून जो मतलई वारा मिळतो तो आता जवळजवळ नाहीच.

काकांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "मोबायलातलो वारो वेगळो, हयचो वारो वेगळो. तू सतराक ये, चोविसाचा काय खरा नाय." का म्हणून विचारलं तर उत्तर नाही. शनिवार १७ मे, पौर्णिमेनंतर पाच दिवस, म्हणजे उधाण उतरून पाणी भांगाकडे (कमी भरती-ओहोटीकडे) चाललेलं, ओढ कमी. हे गणित मला नंतर समजलं. आम्ही शुक्रवारी पोचलो, त्यात ती नेमकी संकष्टी, तिथल्या मावशींनी उसळ-भाकरी वाढली, मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पहाटे पाचला होडी ढकलली. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय काका इंजिन सुरूच करत नाहीत, हे मला फार आवडलं. उलटीची गोळी मी रात्रीच घेतली होती, मित्राने होडीत बसल्यावर घेतली, त्याचा काय उपयोग, साडेसहापर्यंत त्याचं कल्याण झालं होतं.

खडपाच्या जवळ जाऊन पॉपर (पाण्यावर उडणारा खोटा मासा) फेकायचा माझा प्लॅन होता, जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हली हा मोठा मासा मिळेल म्हणून. लांबून बघितलं तर शांत, जवळ गेलो तर दर दोन-तीन मिनिटांनी एक मोठी लाट येऊन खडपावर असा पांढरा फेस चढत होता की काकांनी शंभर-दीडशे मीटरच्या आत जायला साफ नकार दिला. पॉपरचं पाकीट उघडलंच नाही. मग ट्रोलिंग, म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढायचा. दोन डीप डायव्हर (खोल जाणारे खोटे मासे) मागे सोडले आणि फेऱ्या मारत बसलो, तासभर काही नाही, पाणीही जरा गढूळच.

साडेसातला लांब पाखरं पडताना दिसली, खाली पेडव्यांचा (छोट्या माशांचा) थवा उकळत होता. काकांनी होडी थव्यात घातली नाही, बाजूने वळसा घेतला. पहिला फटका बसला, रील चिरकली आणि तीन सेकंदात लाइन सैल. वर ओढली तर लीडर, म्हणजे गळाजवळचा शेवटचा तुकडा, सुरमईच्या दातांनी ब्लेडने कापल्यासारखा. मी फ्लोरोकार्बनचा (पाण्यात न दिसणाऱ्या प्लास्टिकच्या दोऱ्याचा) लावला होता कारण कुठेतरी ऐकलं की गढूळ नसलेल्या पाण्यात वायर दिसते. अरे पण पाणी गढूळच होतं ना! वायर लावली. पुढच्या अर्ध्या तासात दोन सुरमई, एक सहा किलोची, दुसरी जेमतेम तीन. एक क्वीनफिशही आला, तो सोडला. काका त्यावर काही बोलले नाहीत पण मान हलवली, मासा सोडणं त्यांना अजून पटत नाही.

साडेनऊला काकांनी लाइन गुंडाळायला सांगितलं. मासे लागत होते, वारा माझ्या मते ठीक होता, अ‍ॅपवर ९ नॉट. झोताच्या (मध्येच येणाऱ्या जोरदार वाऱ्याच्या) रकान्यात १७ लिहिलेलं मी बघितलंच नव्हतं. वीस मिनिटांत पश्चिमेकडून सगळीकडे फेस दिसायला लागला आणि मी गप्प बसलो.

खरी परीक्षा किनाऱ्याला. वाळूवर होडी लावायची आणि लाटा फुटतायत. काकांनी होडी फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर थांबवली आणि नुसते मागे बघत बसले. दहा मिनिटं. मोठ्या लाटा तीन-चारच्या घोळक्याने येतात, त्या गेल्या की थोडी उसंत मिळते. चौथी होडीखालून गेली तसा पूर्ण थ्रॉटल, तिच्या पाठीवरच राहायचं, पुढे गेलं तर नाक खुपसणार, मागे राहिलं तर पुढची डोक्यावर. शेवटी इंजिन वर उचललं, किनाऱ्यावरच्या सात-आठ जणांनी दोर धरला आणि आम्ही घोटाभर पाण्यात उडी मारली. माझे पाय संध्याकाळपर्यंत थरथरत होते. लहान सुरमई दोर ओढणाऱ्यांना दिली.

२४ तारखेला मी पुण्यात ऑफिसात होतो. त्या दिवशी मान्सून केरळात पोचला, आणि समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र आणखी तीव्र, म्हणजे डिप्रेशन, होऊन रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर आला. २५ला मान्सून देवगडात, २६ला मुंबईत. मामेभावाने फोटो पाठवला, काकांची होडी माडाखाली ओढलेली, वर निळा प्लास्टिक आणि झाप, खाली मेसेज: काका विचारतायत, ऑक्टोबरात येणार की परत मे मध्येच?