आज आईचे खालचे दात पक्के बसले

९ वर्षं आईची खालची कवळी तोंडात नाचत होती. वरची टाळूला धरून राहते, खालचीला तसा आधारच नाही. शिवाय जीभ तिला सतत ढकलते आणि दात गेल्यावर जबड्याचं हाडही झिजत जातं. चारचौघांत आई तोंडावर हात ठेवूनच हसायची.

काही महिन्यांपूर्वी हनुवटीच्या भागात टायटॅनियमचे ४ इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेले खुंट, बसवले. तिथेच का? तर ओठाची नस हाडातून बाहेर पडते, तिच्या पुढचं हाड सहसा चांगलं टिकलेलं असतं. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी ओळखलं आणि १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. त्यांचे आज मनापासून आभार मानावेसे वाटले.

आज त्या चार खुंटांवर अखंड ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दातांची ओळ, स्क्रूने कसला. आईने आरशात बघायच्या आधी जिभेने दात ढकलून पाहिले. हलेनात. पुन्हा ढकलले.

ब्रिजखालची फट रोज साफ करावी लागेल, नाहीतर हिरडी सुजते आणि हाडही जाऊ शकतं. ते मी तिला विसरू देणार नाही.

परतताना आई मावशीशी व्हिडिओ कॉलवर खळखळून हसत होती. हात मांडीवरच होता.