पाच मिलिमीटर खंय गेले?

वेंगुर्ल्यातल्या आमच्या मेकरस्पेसमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कार्यशाळेत, डिझाइनसाठी सगळ्यांत मिळून एक कॉम्प्युटर बसवायचं ठरलं, तेव्हा मला धास्ती होती ती खाऱ्या हवेची आणि अर्थिंगची. अर्थिंगचा खड्डा जांभ्यात खणलेला. उन्हाळ्यात कोरडा पडला की कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या. कोळसा-मीठ नव्याने भरलं, पाणी घालायची पाळी लावली. यूपीएस, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, एक सामाईक फोल्डर, एवढं बिनबोभाट पार पडलं.

घोळ झाला तो पहिल्याच खऱ्या कामात. सावंतवाडीहून एक काकी आल्या होत्या, गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, रंगवणाऱ्या. दशावतारी गंजिफेची पानं 120, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. त्यांना आत कप्पे असलेली पेटी हवी होती. पोरांनी जुन्या लॅपटॉपवर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती काढलेलीच होती. नव्या मशीनवर फाइल उघडली, लेझरने कापणाऱ्या मशीनवर 3 मिमीचं प्लाय कापलं आणि काकींनी पान आत ठेवायला घेतलं. जाईना.

"पानां खंय जातत ह्यात? तुका पट्टी धरूक येता मां, झिला?"

पट्टी धरली. कप्पा 80 मिमीचा हवा, भरला 75. मधल्या फळीच्या खाचाही 2.8 च्या, त्यात प्लाय शिरेना. पोरांनी लगेच लेझरवर खापर फोडलं. पण लेझर लाकूड जाळत जातो. त्याच्या चुकीने खाच सैल होईल, घट्ट कशी होईल? शिवाय सगळी मापं एकाच प्रमाणात घटलेली. 75 भागिले 80, म्हणजे 0.9375. तेच 90 भागिले 96. इथे माझी ट्यूब पेटली.

जुनं इंकस्केप एका इंचात 90 पिक्सेल धरायचं. 2017 च्या 0.92 आवृत्तीपासून ते वेबच्या रिवाजाप्रमाणे 96 धरू लागलं. जुनी फाइल उघडताना ते तसं विचारतंसुद्धा, पण इंग्रजीत, लांबलचक. अशी खिडकी आली की आपण काय करतो ते मी सांगायला नको. दहावीतल्या पोराने ती न वाचताच बंद केली होती.

फाइल पुन्हा उघडून, मापं कायम ठेवणारा पर्याय निवडून नवीन प्लाय लावलं. काकींनी या वेळी कापण्याआधी पडद्यावरचं माप वाचून दाखवायला लावलं, मग स्वतःच्या पट्टीने पान मोजलं. पेटी बसली. पान टेकवून त्यांनी दोनदा हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, "रंगाचो थर धरूक नाय तू. आणखी अर्धो मिमी सोड."

आता सामाईक फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात 100 मिमीचा चौकोन असतो. आधी तो पुठ्ठ्यावर कापायचा, मोजायचा, मगच प्लायला हात. पोरं कुरकुरतात, पण पुठ्ठा फुकट मिळतो.